मुठीचं दळण

आमच्या मंडळीत एक रीत आहे. दळणासाठी धान्य काढलं की बाई त्यातली एक मूठ चुलीजवळच्या गाडग्यात टाकते. ती मूठ प्रभूची. रविवारी उपासनेला येताना बायका आपापली गाडगी पदराखाली धरून आणतात आणि देवळात मेजासमोर अंथरलेल्या गोणपाटावर ओततात. देऊळ म्हणजे चर्च. गावाकडं आम्ही देऊळच म्हणतो. कुणाची बाजरी, कुणाचा जोंधळा, कुणाचे हुलगे, सगळं एकात एक.

लग्न होऊन ढोकमाळला आले तेव्हा मला हे मुळीच आवडलं नव्हतं. मी नगरची. तिथं मंडळीत दानाची पिशवी फिरायची, ती एकदा खळखळली की काम संपलं. इथं पाळकाच्या पोटाला त्या ढिगातला वाटा, आणि ढीग निवडायचं काम पाळकाच्या बायकोकडं. आमचे हे, शांतवन, ढोकमाळचे पाळक. म्हणजे निवडणारी मीच. बाजरीतून हुलगे वेचता वेचता मी प्रभूशी जे काही बोलले असेन ते प्रार्थनेत मोडत नाही.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. पारनेर तालुक्याला कोरडी वर्षं नवी नव्हती, पण हे वर्ष कोरडं नव्हतं, ते भाजलेलं होतं. खरिपाचं पीक हाती आलं नाही, रब्बी कुणी पेरलीच नाही. धडधाकट बायका-पुरुष सकाळी उठून रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात. रेशनवर मिलो नावाचा परदेशी लाल जोंधळा मिळायचा, त्याची भाकरी थापताना चिरायची आणि खाताना घशात अडकायची. रविवारच्या गोणपाटावर आता ढीग होत नव्हता, नुसता पसारा व्हायचा.

यांनी एका रविवारी उपासनेनंतर सगळ्यांना बसवून घेतलं. म्हणाले, "या वर्षापुरती ही मूठ थांबवूया. देव काही रागावणार नाही. घरात पोरं उपाशी असताना गाडगं भरू नका."

मग केशरबाई उठली. केशरबाई आमची बायबलबाई. म्हणजे गावोगाव पायी फिरून बायकांना प्रभूच्या गोष्टी सांगायच्या, जाता जाता कुणाचं बाळंतपण करायचं, कुणाच्या पोराच्या डोळ्यांत औषध घालायचं, हे तिचं काम. विधवा, अंगानं काटकुळी, आणि बोलायला लागली की मंडळीच्या पंचांचीही मान खाली जायची.

"मूठ ल्हान करू," ती म्हणाली, "पन थांबवायची न्हाई. आनि ह्या साली ती आपल्यात ठिवायची न्हाई. ज्यास्नी खडीवर जाता येत न्हाई त्यास्नी द्यायची. मंग ते आपल्यातलं असू दे, न्हाईतर गावातलं."

म्हणजे पाळकाचा वाटाही गेला. मी तिच्याकडं खाऊ की गिळू अशा नजरेनं पाहिलं. यांनी मात्र लगेच मान डोलावली. हे नेहमीच लगेच मान डोलावतात. घरात काय शिजवायचं हे त्यांना बघावं लागत नाही.

तर देवळाच्या ओट्यावर रोज दुपारी कण्या शिजू लागल्या. म्हातारीकोतारी, बाळंतिणी, आंधळे-पांगळे यायचे. मांगवाड्यातले, भिल्लांच्या पालावरचे, रामोशांचे. यांनी एक नियम घालून दिला होता. जेवणाआधी उपदेश नाही. जेवल्यावर कुणी विचारलं तर सांगायचं, नाही विचारलं तर भांडी घासायची. बहुतेक वेळा भांडीच घासायचो.

सगळे येत होते, आक्काबाई येत नव्हती.

आक्काबाईचं घर आमच्या कुंपणाला लागून. गाव जिथं संपतं तिथलं शेवटचं मराठ्याचं घर तिचं, आणि आमची वस्ती जिथं सुरू होते तिथलं पहिलं घर पाळकाचं. मध्ये दगडांची एक बुटकी भिंत. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा मच्छिंद्र बायको-पोराला घेऊन राहात्याकडं गेलेला, तिकडं पाटाच्या पाण्यावर ऊस आहे, काहीतरी काम मिळेल म्हणून. जाताना म्हणाला होता, बस्तान बसलं की तुला न्यायला येतो. पोळ्याला गेला, त्यानंतर ना निरोप ना पत्ता. गावात पुतण्या होता, कारभारी. त्याच्याशी बांधावरून वैर. वैर्‍याच्या दारात जाईल ती आक्काबाई कसली! नाकावर माशी बसू देत नसे. खडी फोडायला जाणंही तिच्या घराण्याला शोभण्यासारखं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिच्या अंगात हातोडा उचलायचं बळही उरलं नव्हतं.

पण तिच्या घरातून रोज सकाळी धूर निघायचा. मी म्हणायचे, चला, म्हातारीचं बरं चाललंय. एका सकाळी मी भिंतीपाशी राख टाकायला गेले. पलीकडून धूर येत होता, पण भाकरी थापल्याचा आवाज काही येत नव्हता. दुसर्‍या दिवशी कान देऊन उभी राहिले. तिसर्‍या दिवशीही. नुसताच धूर. शेजार्‍यांना दिसावं म्हणून म्हातारी रिकामी चूल पेटवत होती.

मला रडूच आलं. आणि मला रडू आलं की मी काहीतरी करते, विचार नंतर करते. दोन भाकरी थापल्या, पिठलं केलं, ताटलीवर फडकं झाकलं आणि तिच्या ओसरीपाशी जाऊन उभी राहिले. आक्काबाई गोड बोलली. "ठिव गं पोरी तिथं कट्ट्यावर. कशाला तरास घेतला?" मी हवेत तरंगत घरी आले. दुपारी भिंतीवरून पाहते तर काय, शेजारच्या बकरीच्या तोंडात माझी भाकरी! आणि माझी ताटली राखेनं लख्ख घासून भिंतीवर उन्हात पालथी ठेवलेली.

डोक्यात तिडीक गेली. तशीच केशरबाईकडं गेले. "उपाशी मरेल, पण आपल्या हातचं खाणार नाही! बकरीला घातली! आता मरू दे म्हणावं!"

केशरबाई आधी हसली. "बाई, तुमी पडल्या नगरच्या. तिला शिजलेलं कसं चालंल आपल्या घरचं? कोरडं धान्य न्यायचं असतं. धान्याला इटाळ न्हाई, भाकरीला हाय." मग तिचं हसू गेलं. "पन म्हंजी बकरीला घालायपुरती ताकद हाय अजून. लई दिस न्हाई राहायची."

ही गोष्ट पंचांच्या बैठकीत निघाली आणि बैठकीचे दोन तुकडे झाले. आसाराम पंच म्हणजे गावातला सगळ्यात दांडगा माणूस, विहिरीवर पहार चालवणारा. तो उभा राहिला.

"पाळकसाहेब, माजा आजा त्याच घरी राबायचा. त्याला लांबनं भाकरी टाकायचे. बाप्तिस्मा घेतल्यावर तो पैल्यांदा दुसर्‍या मानसाच्या मांडीला मांडी लावून जेवला. म्हातारपनी सांगताना रडायचा. आता आपनच कोरडं घिऊन त्या दारात गेलो, म्हंजी आपल्याच तोंडानं कबूल केलं की आमचा हात इटाळ हाय. ओट्यावर या म्हनावं, पंगतीत बसा, पोटभर जेवा. न्हाईतर ऱ्हायलं."

आसाराम बरोबर होता आणि आक्काबाई उपाशी होती. दोन्ही गोष्टी एकदम खर्‍या असल्या की यांना बोलता येत नाही. मलाही त्या दिवशी आलं नाही.

केशरबाई म्हणाली, "आसाराम, इटाळ तिच्या डोळ्यात हाय, आपल्या हातात न्हाई. डोळा बरा व्हायला येळ लागतो. तंवर ती मेली तर कुनाचा डोळा बरा करनार?"

"मी न्हाई येनार," आसाराम म्हणाला.

"तुला कुनी बोलीवलंय? मी जाती."

मी तिच्याबरोबर गेले. केशरबाईनं सुपात रविवारचं मुठीचं धान्य घेतलं होतं. आक्काबाई ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती, हाताच्या शिरा वर आलेल्या. सूप बघितलं आणि तिच्या अंगात कुठून जोर आला कोण जाणे.

"काय गं केशर, तुमच्या वस्तीनं मला पोसायची येळ आली व्हय? मी काय भिकारीन हाय? ने ते माघारी."

परत येताना केशरबाई वाटेत थांबली. मला म्हणाली, "बाई, ल्हानपनी मी ह्याच दारात ताक मागाया यायची. आक्का तवा नवी नवरी. लई वरनं वतायची. निम्मं वंजळीत, निम्मं कोपरावरनं खाली. मी मनात म्हनायची, एक दिस तुजेबी हात पसरलेलं बघीन. आनि आता बघायची येळ आली, तर बघवंना."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी तिचा हात धरला.

युक्ती सुचली तीही तिलाच. गावातली गिरणी दळण नाही म्हणून बंद पडली होती आणि घरोघरची जुनी जाती पुन्हा फिरू लागली होती. आक्काबाईचं जातं गावात नावाजलेलं, वजनदार आणि बारीक दळणारं. दुसर्‍या दिवशी केशरबाई पुन्हा त्या दारात.

"आक्का, काम घिऊन आली. आमच्या देवळाचं धान्य दळायचं हाय. बायका समद्या खडीवर. तुमी दळून द्याल का? दळनामागं पसाभर पीठ तुमचं. जी रीत गावात हाय तीच."

आक्काबाईनं डोळे बारीक केले. तिला हे खोटं आहे हे कळलं असणार. पण कामाची मजुरी ही भीक नव्हे.

"देवाचं हाय ना धान्य?"

"देवाचंच."

"कुठल्याबी का असंना, देवाचं हाय. देवाचं दळायला काय झालं? ठिव."

ही बातमी आसारामला सांगितली तेव्हा तो आधी बघतच राहिला. "काय? आक्काबाई आपलं दळनार? माज्या आजीनं जलमभर त्या घरचं दळलं!" आणि तो इतका हसला की डोळे पुसायला लागला. पुसता पुसता मध्येच ते हसू राहिलं नाही. मग घसा खाकरून म्हणाला, "जातं आत माजघरात असंल. म्हातारीला ओसरीवर वढवंल का? मी येतो."

तो गेला. आक्काबाई दारात उभी. आसाराम उंबर्‍याबाहेर थांबला, तीही थांबली. शेवटी ती म्हणाली, "आता काय दगडाला इटाळ हाय? ये आत. पन पायताण काढ." त्यानं जात्याचे दोन्ही दगड एकेक करून बाहेर ओसरीवर आणून मांडले. जाताना ती म्हणाली, "तुजा आजाबी असाच दांडगा हुता." बैठकीत पुन्हा आसारामनं तो विषय काढला नाही.

पण खरी अडचण पुढंच होती. जातं फिरवायला दोघी लागतात. एकटीनं दळायचं तर तरणी बाई हवी. आक्काबाईनं एकटीनं सुरुवात केली. भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं, घर्र, घर्र, आणि मग नुसता श्वास. केशरबाई अंगणात बसून होती. बोलावल्याशिवाय ती उठणार नव्हती.

"केशर."

"जी."

"नुसती काय बसलीस? वर ये. हात लाव."

जात्याला एकच खुंटा असतो. समोरासमोर बसायचं, एक हात वर, एक हात खाली. आक्काबाई म्हणाली, "तू वरनं धर, मी खालनं." पहिले काही दिवस दोघींच्या हातांमध्ये बोटभर जागा राहायची. जातं फिरताना ती जागा राखायची म्हणजे केवढी कसरत! मी भिंतीवरून बघायचे आणि मला हसूही यायचं, रागही यायचा. हळूहळू ती जागा कुठं गेली ते दोघींनाही कळलं नसावं. एका दिवशी बघते तर हातावर हात होता आणि जातं सरळ फिरत होतं. आता त्या घरातून भाकरी थापल्याचाही आवाज येऊ लागला होता.

दळायला बसलं की ओवी आलीच. आक्काबाईची पहिली ओवी लेकाची.

राहात्याच्या वाटंला गं लागला माझा डोळा,
उसाच्या मळ्यामंदी राबतो माझा भोळा.

म्हणून झाल्यावर ती म्हणाली, "तू म्हन की."

जी बाई अनोळखी गावात चावडीसमोर उभी राहून प्रभूची गोष्ट सांगायची, ती इथं तोंडात मूग गिळून बसली होती. मी नंतर तिला विचारलं. म्हणाली, "बाई, पिठाच्या बदल्यात ऐकून घेती असं तिला वाटलं तर? मंग ना पीठ ग्वाड लागंल, ना प्रभू."

पण आक्काबाई ऐकते कुठली! "माझ्याकडनं ओव्या घेतीस आनि तू मुकी? तुमच्या देवाची न्हाईत व्हय ओव्या? दरिद्री दिसतोय तुमचा देव."

मग मात्र केशरबाईला राहवलं नाही. तिनं हळूच सुरू केलं.

मरियामाउली गं निघाली परगावी,
दारोदारी पुसे बाई, रात कुठं काढावी.

आक्काबाईनं जातं थांबवलं. "म्हंजी? कुनी घरात घेतलं न्हाई?"

"न्हाई. गोठ्यात जागा दिली."

"पोटुशी बाईला?"

"व्हय. तिथंच बाळ झालं. गव्हानीत निजीवलं."

"काय गाव म्हनायचं का काय ते!" आक्काबाई खरंच संतापली. "पोटुशी बाई दारात उभी, आनि आत घेत न्हाईत? मानसं का कोन?"

मी भिंतीपलीकडं होते. माझ्या जिभेवर आलं होतं, आक्काबाई, जरा स्वतःच्या दाराकडं बघा. बोलले असते तर सगळं त्याच क्षणी मोडलं असतं. केशरबाईनं जात्यात धान्याचा घास टाकला आणि खुंटा धरून वाट बघत राहिली. आक्काबाईचा हात खुंट्यावर यायला वेळ लागला. आला तेव्हा ती हळू आवाजात म्हणाली, "म्हन. म्होरं काय झालं?"

असं ते चाललं. केशरबाई सांगायची नाही, आक्काबाईच विचारायची. माळावर भुकेल्या लोकांना प्रभूनं भाकरी वाटली ती ओवी ऐकून तिनं विचारलं, "त्यात समदी जात हुती का?" केशरबाई म्हणाली, "जात कुनी इचारली न्हाई, बसा म्हनला, बसली." आक्काबाई म्हणाली, "हं." आणि त्या दिवशी पुढं दळलंच नाही, पाठ दुखते म्हणाली.

एकदा तिनं विचारलं, "तुमी हे समदं करता, तुमाला काय मिळतं गं?"

"आमाला आदीच मिळालंय, आक्का. म्हून करतो."

"माज्या मच्छिंद्राला वळखतो का तुजा देव?"

"मी रोज त्याचं नाव घिऊन सांगती. मंग वळखंलच की."

आक्काबाईनं पदर तोंडाला लावला. "तू रोज घेतीस त्याचं नाव? माज्या लेकाचं?" त्यानंतर ती रोज सकाळी केशरबाई ओसरीवर चढली की पहिलं विचारायची, "आज सांगितलंस का?"

उन्हाळा चढला तसं गावात कुजबूज चढली. कारभारी पुतण्या रस्त्यावरून जाता-येता थुंकायचा. चुलती उपाशी होती तेव्हा त्याला रस्ता दिसला नव्हता. राहात्याकडं जाणार्‍या कुणातरी मुकादमाबरोबर त्यानं निरोप धाडला, तुझी आई बाटली, येऊन बघ. इतके महिने मच्छिंद्राचा पत्ता कुणाला नव्हता. बाटल्याचा निरोप मात्र बरोबर पोचला.

तो आला ती भर दुपार होती. मी दळणाचं धान्य द्यायला ओसरीशी गेले होते, दोघी जात्यावर बसल्या होत्या. मुख्य रस्त्याला एस.टी. सोडते, तिथून पायी चालत आला होता. गालफडं बसलेली, धोतर धुळीनं भरलेलं. मागून कारभारी. आक्काबाईनं लेकाला बघितलं आणि तिचा चेहरा असा फुलला की मी तसा कधी पाहिला नव्हता. ती उठायच्या आधीच तो ओरडला.

"आई! हे काय चाललंय?" आणि केशरबाईकडं बोट करून, "ऊठ तिथनं!"

केशरबाईनं खुंट्यावरचा हात काढायला घेतला. आक्काबाईनं आपला दुसरा हात वरून दाबून धरला.

"बस, केशर."

"आई, लोक म्हनत्यात तू बाटली."

"कोन लोक? हा कारभारी?" आक्काबाईचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "मच्छिंद्रा, तू गेल्यावर डब्यातलं दाणं संपलं. मी रोज रिकामी चूल पेटवायची. नुसत्या धुराची. गावाला दिसावं म्हून. समद्या गावानं धूर बघितला आनि आपलं आपलं काम केलं. ह्या बाईनं कान दिला." तिनं माझ्याकडं मान केली. "आनि ही केशर. हिनं मला भीक घालू दिली न्हाई कुनाला. काम दिलं. तुझं नाव रोज आपल्या देवाला सांगती ही. तुझी आई जित्ती हाय ती हिच्या हातानं."

मच्छिंद्र कारभार्‍याकडं बघू लागला. कारभारी दुसरीकडं.

"आनि बाटली म्हनशील तर," आक्काबाई म्हणाली, "अजून मी ह्यांच्या हातचा घासबी खाल्ला न्हाई. एकदा ह्या पोरीनं भाकरी आनली ती बकरीला घातली. लई चुकलं माजं." मग ती केशरबाईकडं वळली. "केशर, आत जा. चूल पेटीव. भाकरी थाप."

मी हातातलं धान्य खाली ठेवलं. केशरबाई मात्र जागची हलली नाही.

"न्हाई, आक्का. लेकाला दावायसाठी मला चुलीपुढं नका बसवू. भांडनातली भाकरी मी न्हाई थापनार. तो दमून आलाय. तुमी मायलेकरं बोला. मी जाती."

मी तिच्याकडं बघतच राहिले. ज्या क्षणाची तिनं लहानपणापासून वाट बघितली होती तो समोर आला होता, आणि ती म्हणत होती, असा नको.

आक्काबाईनं आपले दोन्ही हात पुढं केले. ते थरथरत होते. "भांडन न्हाई गं. हे बघ. सकाळपासनं दळून हात कापत्यात, आता पीठबी मळवायचं न्हाई. मला भूक लागलीया, केशर. खरीच."

मग केशरबाई उठली. उंबर्‍यापाशी क्षणभर थांबली, ओठ हलले, प्रार्थना केली असणार, आणि आत गेली. मी तिच्यामागं जाऊन चुलीत फाटी सारली. तिनं परातीत ते मुठीचं मिसळीचं पीठ घेतलं, लालसर, कुठं काळपट. भाकरी काही नीट होईना, कडा फाटत होत्या. तव्यावर टाकली, निखार्‍यावर शेकली, फुगली. मी वाटीत मीठ-मिरची घेतली.

आक्काबाईनं ताट मांडीवर घेतलं. कारभारी म्हणाला, "काकी, एकदा खाल्लं की संपलं हां." ती म्हणाली, "तू जा घरी." आणि पहिला घास तोंडात घातला. कारभारी पायर्‍या उतरून गेला. म्हातारी सावकाश चावत होती आणि डोळ्यांतलं पाणी गालावरून खाली येत होतं, ते पुसायचं तिच्या ध्यानात नव्हतं.

मच्छिंद्र ओसरीच्या कडेला पाठमोरा उभा होता. आईनं त्याला खा म्हटलं नाही, केशरबाईनंही नाही. तिकडं ऊस आहे म्हणून गेलेल्या माणसाच्या पाठीचे मणके सदर्‍यातून मोजता येत होते. भाकरीचा वास सगळ्या ओसरीवर पसरला होता. तो वळला. आईच्या ताटातली अर्धी भाकरी त्यानं उचलली आणि कुणाकडं न बघता, उभ्यानंच, मिठाशिवाय खाल्ली. तोंडात कोंबली म्हटलं तरी चालेल.

"मावशी," तो आतल्या दाराकडं बघून म्हणाला, "अजून एक हाय का?"

केशरबाई चुलीपुढं पाठ करून बसली होती. तिला मावशी म्हटलेलं त्या उंबर्‍याच्या आत तिनं जन्मात ऐकलं नव्हतं. तिनं डोळ्यांना पदर लावला, तोच पिठाचा हात पुन्हा परातीत घातला.

"हाय की रं, बाळा. लई हायती. पन आदी खाली बस. उभ्यानं जेवू नये."

तो बसला.